ठणका दाढेचा, सणक नसेची

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. हे पत्र माझ्या सासूबाईंसाठी लिहितेय. त्यांचं वय ६१. आमची द्राक्षबाग आहे. गेल्या ऑक्टोबर छाटणीपासून त्यांच्या उजव्या गालात कळ येते. ‘वीज पडल्यागत होतं’ म्हणतात. क्षणभरच असतं, पण तेवढ्यात हातातलं काम सुटतं, डोळ्यांत पाणी येतं. तोंड धुताना, दात घासताना, भाकरीचा घास चावताना, गाडीवर मागं बसल्यावर वारं लागलं तरीही येते. दोन दाढा काढून झाल्या, काही फरक नाही. येत्या सोमवारी तिसरी काढायची ठरली आहे. मध्यंतरी गावातल्या डॉक्टरांनी एक गोळी दिली होती. तिनं तीन-चार दिवसांत बरं वाटायला लागलं, पण मेडिकलवाला म्हणाला ही फिटची गोळी आहे, म्हणून घाबरून आम्हीच बंद केली. शेजारच्या काकूंनी गालावर बिब्बा लावला, तिथं फोड आलेत. कुणी म्हणतं ही लकव्याची सुरुवात आहे. आता सासूबाई पदर तोंडावर ओढून बसून असतात, जेवण ताकभातावर आलंय आणि परवा म्हणाल्या, ‘देवानं आता उचलावं.’ माझे मिस्टर म्हणतात, दोन सेकंदांच्या दुखण्याचं एवढं काय. तिसरी दाढ काढू की नको?
— एक सून, तासगाव तालुका

उत्तर : ताई, नमस्कार.

सोमवारची दाढ थांबवा. बाकी सगळं सविस्तर सांगते, पण वाचन इथंच थांबवून आधी दंतवैद्यांना फोन करा आणि ‘जरा पुढं ढकलू’ एवढं कळवा. राहिलेली दाढ पुढच्या महिन्यातही काढता येते. काढलेली परत बसवता येत नाही.

मी सासूबाईंना तपासलेलं नाही. त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांचा. पण एकाच बाजूची, क्षणभराची, पाण्याच्या हबक्यानं आणि वाऱ्याच्या झुळकेनं उठणारी कळ, आणि मधल्या वेळात काहीच नाही, हे वर्णन आम्हा न्यूरोलॉजिस्टना फार ओळखीचं आहे. त्याला ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात. चेहऱ्याच्या पाचव्या नसेचं हे दुखणं आहे, आणि सासूबाईंच्या दाढा त्या नसेच्या वाटेवर सापडल्या.

‘नस’ हा शब्द आधी नीट सोडवून घेऊ, कारण घोळ इथूनच सुरू होतो. आपण बोलताना मज्जातंतूला नस म्हणतो आणि रक्तवाहिनीलाही नसच म्हणतो. सलाईन लावताना सापडत नाही ती नस, आणि पाय बधिर झाला की दबलेली असते तीही नस. ‘शीर’ या शब्दाचंही तसंच: हातावर निळी दिसते ती शीर, आणि मान आखडली की धरते तीही शीर. खरं तर या दोन निराळ्या वस्तू आहेत. एकीतून रक्त वाहतं, दुसरीतून संदेश जातात. शाळेच्या पुस्तकात या दुसरीला ‘चेता’ म्हणतात. या उत्तरात मी फक्त संदेश नेणारीला नस म्हणेन आणि रक्ताच्या वाटेला रक्तवाहिनी. हे वेगळं करून सांगायचं कारण असं की सासूबाईंच्या डोक्यात बहुधा या दोघी एकमेकींना घासताहेत.

मानेखालच्या शरीराच्या बहुतेक नसा पाठीच्या कण्यातून निघतात, त्यांच्या ३१ जोड्या. डोक्याचा आणि चेहऱ्याचा कारभार मात्र मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांकडे आहे. त्यांच्या १२ जोड्या आहेत, एक डावीकडची आणि एक उजवीकडची अशा. त्यांना पुढून मागे ओळीनं क्रमांक दिलेले आहेत. जर्मन शरीरशास्त्रज्ञ सॅम्युएल थॉमस स्योमरिंग यांनी १७७८ मध्ये लावलेला तो क्रम आजही आम्ही तसाच वापरतो.

या बारा जणी काय करतात ते जेवणाच्या ताटावर कळतं. चुलीवरच्या भाकरीचा खरपूस वास पहिली नस नेते, ताट दिसतं ते दुसरीमुळे. ताटातून वाटीकडे नजर वळते ती तिसरी, चौथी आणि सहावी मिळून वळवतात. घास ओठाला गरम लागला हे पाचवी सांगते, आणि तो चावायला जबडाही तीच हलवते. ओठ मिटून घास आत ठेवणं हे सातवीचं काम. जिभेच्या पुढच्या भागाची चवही सातवीच नेते. ‘आणखी वाढू का?’ हे ऐकू येतं आठवीमुळे. गिळायला नववी आणि दहावी. ‘नको’ म्हणून मान फिरते ती अकरावीनं, दातांत अडकलेला कण जीभ शोधून काढते ती बारावीनं. दहावी तर तिथंच थांबत नाही. मानेतून खाली छातीत, हृदयापाशी आणि पुढं पोटापर्यंत उतरते.

ठेचा खाल्ल्यावर तोंडाची आग होते ना, ती चव नव्हे. ती मुख्यतः पाचव्या नसेनं दिलेली भाजल्याची वर्दी असते. कांदा चिरताना डोळे चुरचुरतात तेही पाचवीच सांगते, आणि त्यावर डोळ्यांत पाणी आणायचा हुकूम जातो सातवीमार्फत. चेहऱ्यावर या दोघींचं घर एकच, कामं मात्र वेगळी. पाचवीकडे मुख्यतः जाणीव, सातवीकडे मुख्यतः हालचाल. हे लक्षात ठेवा, लकव्याच्या प्रश्नाशी येऊ तेव्हा लागेल.

पाचवी ही या बारा जणींत सगळ्यात जाड. कानाच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी तिच्या तीन फांद्या होतात, म्हणून तिचं नाव ट्रायजेमिनल, म्हणजे तिळी. पहिली फांदी कपाळ, डोळा आणि नाकाच्या शेंड्यापर्यंतची. दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरचे सगळे दात. तिसरी खालचा जबडा, हनुवटी आणि खालचे दात. सासूबाईंना एक बोट लावून दाखवायला सांगा. कळ ओठाच्या किंवा नाकपुडीच्या कडेपासून निघून गालाकडे धावत असेल तर दुसरी फांदी. हनुवटीपासून कानाकडे जात असेल तर तिसरी. बहुतेकांना या खालच्या दोन फांद्यांचाच त्रास होतो, आणि दोन्ही थेट दातांत शिरतात. म्हणूनच या आजाराचे किती तरी रुग्ण आमच्याकडे येण्याआधी दातांच्या खुर्चीत बसून आलेले असतात.

आता मिस्टरांना एक प्रश्न विचारा. दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की झिणझिण्या कुठं येतात? करंगळीत. मार कोपराला बसतो आणि ओरडते करंगळी, कारण मार नसेला तिच्या वाटेवर बसला आणि मेंदूला ती हाक नेहमीच्या पत्त्यावरून, करंगळीकडून आल्यासारखी वाटली. म्हणून कुणी करंगळी कापायला निघत नाही. सासूबाईंच्या गालात तेच चाललंय. दुखतं दाढेत, दोष आहे आत, नस मेंदूतून निघते त्या जागेपाशी.

तिथं काय होतं, तेही सांगते. तुमच्या बागेत मोटारीची केबल असेल. केबलच्या आत तारा शेजारी शेजारी असतात, पण प्रत्येकीवर वेष्टण असल्यामुळे एकीचा करंट दुसरीत जात नाही. नसेच्या आतही असे हजारो बारीक धागे असतात आणि त्यांवर मायेलिन नावाचं चरबीयुक्त वेष्टण असतं. काही धागे नुसता स्पर्श नेतात, काही वेदना. पाचवी नस मेंदूतून बाहेर पडते तिथं हे वेष्टण एका जातीचं संपून दुसऱ्या जातीचं सुरू होतं, त्यामुळे ती जागा मुळात नाजूक. वय वाढतं तशा रक्तवाहिन्या लांबतात, वेड्यावाकड्या होतात. एखादी धमनी त्या नाजूक जागी टेकते आणि प्रत्येक ठोक्याला नसेवर आपटते. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला लाखभर होतात. अशी वर्षं गेली की वेष्टण झिजतं, आणि मग स्पर्शाच्या धाग्यातला संदेश शेजारच्या वेदनेच्या धाग्यात उडी मारतो. पाण्याचा हबका हा स्पर्श. मेंदूला पोचते ती वीज. सासूबाई अगदी बरोबर बोलल्या आहेत.

आणि इथं मला त्यांच्या शब्दाबद्दल थोडं थांबावंसं वाटतं. दवाखान्यात शिरलं की आपली माणसं ‘दुखतं’ एवढंच सांगतात. घरी मात्र त्याच माणसांकडे दुखण्याला नेमके शब्द असतात. दात किडून आत पू झाला की तो ठणकतो: ठक ठक, सतत, रात्री जास्त. गरम चहानं वाढतो आणि चहा संपला तरी कितीतरी वेळ राहतो, झोपेतून उठवतो. नस दुखते तेव्हा सणक येते. सेकंदभर किंवा काही सेकंद, फार तर दोन मिनिटं. मग जशी आली तशी नाहीशी, आणि दुसरी येईपर्यंत गाल साफ मोकळा. झोपेत ती सहसा येत नाही. नागीण येऊन गेल्यावर उरते ती आग, ती मात्र दिवसभर असते. ठणका, सणक, आग हे तीन शब्द डॉक्टरांपुढं बोललात तर अर्धं निदान तुम्हीच केलेलं असतं. सासूबाईंना सांगा, ‘दुखतं’ म्हणू नका. जे घरी म्हणता तेच तिथं म्हणा.

दंतवैद्यांना मी दोष देत नाही. या आजाराची पहिली शंका अनेकदा त्यांनाच येते आणि तेच आमच्याकडे पाठवतात. शिवाय साठीच्या माणसाच्या तोंडात एक-दोन किडक्या दाढा सापडतातच, त्यामुळे पहिली दाढ खरंच काढण्यासारखी असेलही. आणखी एक गोष्ट चकवते. दाढेपाशी भुलीचं इंजेक्शन दिलं की नसेची कळही तेवढ्यापुरती थांबते, आणि सगळ्यांनाच वाटतं, दाढच होती. भूल उतरली की सणक परत येते, आणि ती शेजारच्या दाढेत दाखवली जाते. फोन कराल तेव्हाच दंतवैद्यांना फक्त एवढं विचारा: ‘एक्स-रेमध्ये या तिसऱ्या दाढेत नक्की काय दिसतंय?’ उत्तर ‘काही खास नाही’ असं आलं, तर दाढ तशीच राहू द्या.

हे मी इतक्या आग्रहानं लिहितेय याला कारण आहे. माझ्या आत्याच्या उजव्या बाजूचे वरचे सगळे दात एकामागून एक गेले. मी तेव्हा मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होते. पाचव्या नसेच्या तिन्ही फांद्या, त्या कवटीच्या कुठल्या भोकातून बाहेर येतात ते सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही. आणि सुट्टीत घरी गेल्यावर आत्या दुधात बुडवलेली पोळी एका बाजूनं चघळताना पाहून मला एवढंही सुचलं नाही की ही तीच नस. दात संपले, सणक राहिली. तिला योग्य औषध मिळालं तेव्हा चार वर्षं गेली होती.

ही चूक जुनी आहे. तत्त्वज्ञ म्हणून जग ज्यांना ओळखतं ते जॉन लॉक वैद्यही होते. १६७७ च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये त्यांना इंग्रज राजदूताच्या पत्नीला, नॉर्थम्बरलंडच्या काउंटेसला, पाहायला बोलावलं. चेहऱ्याच्या एका बाजूला आगीचा लोळ धावावा तशी कळ यायची आणि त्या किंचाळायच्या. त्याआधी दात काढून झाले होते आणि उपयोग झाला नव्हता. पुढं तर शल्यचिकित्सक याहून पुढं गेले. चेहरा दुखतो म्हणून त्यांनी चेहऱ्याची सातवी नस कापली. वेदना तशीच राहिली आणि वर चेहरा लुळा पडला. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये या दोन नसांची कामं वेगळी करून दाखवली, तेव्हा ते थांबलं.

यातच तुमच्या लकव्याच्या प्रश्नाचं उत्तर आलं. तोंड वाकडं होणं हा सातव्या नसेचा, नाहीतर मेंदूतल्या झटक्याचा प्रकार. सासूबाईंची बिघडलीय ती पाचवी. पाचवीच्या सणकेतून पुढं लकवा होत नाही, ही भीती मनातून काढा. कळ आली की चेहरा आक्रसतो, पण तो वेदनेनं, लकव्यानं नव्हे. मात्र कुणाचंही तोंड अचानक वाकडं झालं, सोबत हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर बिब्बा-तेल काही न करता तडक मोठं रुग्णालय गाठायचं. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची वेळ साधारण साडेचार तासांत निघून जाते.

आता गोळी. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तीच: ‘तीन-चार दिवसांत बरं वाटायला लागलं.’ तुम्ही नाव लिहिलेलं नाही, पण ती बहुधा कार्बामाझेपिन असावी. मेडिकलवाल्यानं सांगितलं ते खोटं नाही, ती फिटवर चालते. पण अमेरिकेत या औषधाला सरकारी मान्यता मिळाली ती आधी १९६८ मध्ये चेहऱ्याच्या याच दुखण्यासाठी. फिटसाठी मिळाली १९७४ मध्ये. फिट म्हणजे मेंदूतल्या पेशींची अनावर ठिणगी, आणि सणक म्हणजे नसेतली अनावर ठिणगी. दोन्हीकडे गोळी एकच काम करते, ठिणगी शांत करते. ती घेतली म्हणून सासूबाई फिटच्या रुग्ण होत नाहीत. साध्या वेदनाशामक गोळ्या इथं जवळजवळ निरुपयोगी असतात, उगाच पोट आणि मूत्रपिंडाला त्रास. ज्या गावातल्या डॉक्टरांनी ही गोळी दिली त्यांचं निदान बहुतेक पहिल्याच फेरीत बरोबर होतं. त्यांच्याकडे परत जा.

घरात उरलेल्या पाकिटातून मात्र स्वतःहून सुरू करू नका. हे औषध थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवायचं असतं. आधी रक्त तपासतात, रक्तातलं सोडियम पाहतात, हृदयाचा ईसीजी काढतात. बीपी, हृदय किंवा रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर त्या सगळ्या पिशवीत घालून न्या, कारण हे औषध इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करतं. सुरुवातीचे दिवस गुंगी येते, तोल जातो. रात्री बाथरूमला जाताना कुणीतरी सोबत असावं. मोडलेलं खुब्याचं हाड हे सणकेपेक्षा महागात पडतं. आणि एक गोष्ट फ्रिजवर लिहून चिकटवा: अंगावर पुरळ, तोंडात फोड, डोळे लाल किंवा ताप, यातलं काहीही आलं तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय. आपल्या आशियाई लोकांपैकी काहींत एक जनुक असतं, त्यामुळे या औषधानं त्वचा गंभीरपणे सोलून निघू शकते. ते क्वचित होतं, पण झालं तर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच बहुधा होतं. हा अपवाद सोडला तर गोळी एकदम बंद करायची नाही. गोळी सोसली नाही तर तिची बहीण शोभेल अशी ऑक्सकार्बाझेपिन आहे, इतरही आहेत.

बिब्ब्याबद्दल काकूंवर रागावू नका, त्यांनी मायेनंच केलं. पण बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. गालावर आधीच नस चिडलेली असताना त्यावर फोड म्हणजे प्रत्येक स्पर्शाला नवं निमित्त. फोड फोडू नका, त्यावर हळद-चुना काही लावू नका, डॉक्टरांना दाखवा. आता चेहऱ्यावर डाग द्यायचा सल्ला कुणी दिला तर ठाम नाही म्हणा.

मिरज-सांगलीला न्यूरोलॉजिस्ट आहेत, एकदा त्यांच्याकडे जाच. ते बहुधा एमआरआय सांगतील. सांगितला तर ‘पाचव्या नसेसाठी’ असं चिठ्ठीवर लिहून घ्या, कारण नस आणि तिला टेकलेली रक्तवाहिनी दिसायला वेगळ्या बारीक चित्रांची गरज असते, डोक्याच्या साध्या एमआरआयमध्ये ती निसटते. एमआरआयचा दुसरा हेतू असा की काही थोड्या जणांत नसेवर दाबणारी गोष्ट रक्तवाहिनी नसून गाठ असते, किंवा मल्टिपल स्क्लेरोसिससारखा वेष्टणाचाच आजार असतो. गाल बधिर वाटणं, त्या बाजूला कमी ऐकू येणं, दोन्ही बाजूंना सणक येणं, चाळिशीच्या आत सुरू होणं, या खुणा असतील तर आम्ही जास्त बारकाईनं पाहतो. सासूबाईंना आणखी एक विचारा: कानशिलाशी डोकं दुखतं का, चावता चावता जबडा भरून येतो का, नजर अंधुक झाली का? उत्तर हो आलं तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पन्नाशीनंतर कानशिलाच्या धमनीला सूज येण्याचा एक वेगळाच आजार असतो आणि त्यात दृष्टी जाऊ शकते.

तुम्ही विचारलं नाहीत तरी ‘मेंदूचं ऑपरेशन’ हा शब्द कुणीतरी टाकेलच. बहुतेकांचं गोळ्यांवर बराच काळ भागतं, कधी कधी महिनोन्‌महिने सणक आपणहून गप्पही बसते. गोळ्या पुऱ्या पडेनाशा झाल्या किंवा सोसेनाशा झाल्या तरच ऑपरेशन. रक्तवाहिनी नसेला टेकलेली असते हे अमेरिकेतले मेंदूचे शल्यचिकित्सक वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकात पाहून ठेवलं होतं. १९६० च्या दशकात तिथल्याच पीटर जॅनेटा या शल्यचिकित्सकांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोघींच्या मध्ये मऊ तुकडा ठेवून त्यांना वेगळं करायची पद्धत बसवली. आज तो तुकडा टेफ्लॉनचा असतो. कानामागून जातात, नस कापत नाहीत. अशा रुग्णांत १० वर्षांनीही १० पैकी ७ जण वेदनामुक्त असल्याची नोंद आहे. भूल न सोसणाऱ्यांसाठी गालातून सुई घालून नस बधिर करणं किंवा गॅमा नाइफचे किरण असे मार्ग आहेत. त्यात गाल काहीसा बधिर राहू शकतो, आणि किरणांचा गुण यायला काही आठवडे, कधी महिने लागतात. खर्चाचा विचार आत्तापासून करू नका. वेळ आलीच तर सरकारी योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं.

तोवर घरी: तोंडाला गार पाण्याचा हबका नको, कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं चालेल. गाडीवर जाताना गालावरून स्कार्फ. गोळीचा गुण असेल त्या वेळात जेवण आणि दात घासणं उरकून घ्या, दात घासणं सोडू मात्र नका. ताकभातावर माणूस महिनोन्‌महिने तगत नाही. आमटीत कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचं कूट घातलेली पातळ भाजी, खीर, चालत असेल तर अंडं, सगळं कोमट. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज किती सणका आल्या ते साध्या रेघांनी मांडून ठेवा. डॉक्टर त्या रेघा पाहून गोळी ठरवतील.

मिस्टरांचं म्हणणं मला समजतं. बाहेरून दोन सेकंदच दिसतात. पण सासूबाईंचा सगळा दिवस पुढच्या सणकेची वाट पाहण्यात जातो. बोलू की नको, गिळू की नको. अभिनेते सलमान खान यांनी आपल्याला हेच दुखणं झाल्याचं जाहीरपणे सांगितलं होतं आणि त्यासाठी ते २०११ मध्ये अमेरिकेत उपचार घेऊन आले. हे मिस्टरांना सांगा, कधी कधी अशा ओळखीच्या नावानं घरातल्या माणसाचं दुखणं खरं वाटायला लागतं.

‘देवानं उचलावं’ हे वाक्य मात्र बोलण्याच्या ओघातलं म्हणून सोडू नका. दुपारी निवांत बसून सरळ विचारा: ‘आई, जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. असेल तर बाहेर पडतो. हो म्हणाल्या तर त्यांना एकटं सोडू नका, बागेतली फवारणीची औषधं कुलपात ठेवा, डॉक्टरांना त्याच दिवशी सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. तुम्हीही करू शकता, सांभाळणाऱ्यालाही ओझं होतंच.

आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवा. ‘वीज पडल्यागत’ हा त्यांचा शब्द खरा होता, हे त्यांना माझ्याकडून सांगा. दाढ पुढं ढकलली की मंगळवारी गावातल्या डॉक्टरांकडे जा. त्या गोळीचं रिकामं पाकीट असेल तर सोबत न्या, आणि दोन्ही दाढांचे एक्स-रे दंतवैद्यांकडून मागून घ्या.